कुरणातली बाळंतीण

१३ जुलै २०२५

केशवराव,

पत्र फाडायच्या आंधी येवढं वाचून घे, मंग फाडजो. हस्ताक्षर तं तू वळखलंच असशीन. तीन पोळे झाले आपल्याले बोलून. पयलेच सांगून ठेवतो, मी माफी मांगाले लिहून रायलो नाई. माफी तुह्याकून याले पाहिजे. तीस वर्सं पोळ्याच्या झडत्या, बैलायपुढं म्हणाच्या ओळी, मी लिहिल्या अन् तू म्हणल्या. बैल तोरणाखाली उभे रायले का तू पुढं सरकाचा, हात वर कराचा अन् तुहा आवाज ढोरं उभे राहाच्या आखराच्या पल्याडलोक जाचा. अन् त्या पोळ्याले सरपंचाच्या बंद हातपंपाची ओळ आली तवा तू ते गिळून टाकली. काहून तं सरपंच तुहा व्याही, पौर्णिमाचा सासरा. मधातलं सारं गाळून तू सिध्धा 'हर बोला'वर आला. लोक हासले, अन् मले हासले. मंग तू लेकापाशी, नितेशकडं, परतवाड्याले राहाले गेला.

ते राहू दे. काम हाये म्हून लिहून रायलो.

आपल्या कुरणात तणमोर आला. खरंच आला, मी डोयानं पाह्यला. काळाभोर नर, कानामांगून तुरे निंगालेले, गवतातून असा वर उडी मारते अन् पाय हालवत परत खाली पडते. सकायपासून त्याचं तेच चालू राहते. आपण लहान होतो तवा तुहे बाबा अन् माहे बाबा याच्या शिकारीच्या गोष्टी सांगत. मंग कुरणं नांगरले गेले, सोयाबीन आलं, अन् पाखरू गेलं ते गेलंच. मले वाटलं होतं संपलं त्याचं.

अकोल्याच्या एका संस्थेतली अपेक्षा म्हणून पोरगी हाये. ती गवतातल्या पाखरायचं काम करते. तीच पयले आली, गाडी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, लावून दुर्बीण घेऊन बसली. ती म्हणते साऱ्या देशात हे पाखरू आता मोजकं उरलं. पावसाळ्यात इकडं येते, गवतात अंडे घालते, अन् पाऊस सरला का दूर निंगून जाते. नराचं काम उड्या माराचं. अंड्यावर मादी येकटीच बसते, जमिनीवर, गवताच्या आडोशाले.

आता तुह्या ध्यानात आलं असंन मी कुठं चाललो ते. पोळ्याचा दुसरा दिवस म्हंजे कर, अन् कराले आपलं कुरण कापाले मोकळं होते. मानाचा पयला इळा गवताले तानुबाई लावते अन् तिच्या मांगं सारं गाव तुटून पडते. सांजलोक कुरण बोडकं. मादी अंड्यावर असंन नाई तं पिल्लायसंग असंन, उडता न येणाऱ्या. कुरण दसऱ्यालोक, म्हंजे आणखी सव्वा महिना, राखलं तं पिल्लं जगतीन, नाई तं नाई. गोष्ट येवढीच हाये.

गावाले हे सांगाची जागा बी एकच हाये. ग्रामसभेत कोण येते तुले माहीत हाये. सारं गाव एका जागी उभं राहते ते पोळ्याले, अन् कान देऊन आयकते ते झडती. झडती मी लिहीन. आवाज तुहा पाहिजे.

फोन काहून नाई केला म्हणशीन. फोनवर आपलं भांडण होईन, कागदावर मी येकटाच भांडतो.

खुशाल

२९ जुलै २०२५

केशवराव,

तुह्या उत्तराची वाट पाहून दुसरं लिहितो. पोस्टमन म्हणते पत्र पोचलं असंन. तू वाचलं असंन बी, मले माहीत हाये, तुले कागद फाडवत नाई. शाळेत तू पतंगाचा बी कागद जपून ठेवाचा.

इकडं आमी हुशारी केली अन् तोंडघशी पडलो. अपेक्षानं शाळेत कार्यक्रम ठेवला. पडदा लावला, फोटो दाखवले, उडी माराचा व्हिडिओ दाखवला. पोट्टे, बाया, गडी, सारे आले. अन् बाहेरचा बोर्ड मी लिहिला, मोठ्या अक्षरात, 'आपल्या गावचा पाहुणा, या अन् पाहा.' लोकायले कार्यक्रम लय आवडला. इतका आवडला का दुसऱ्या दिवशी सकायीच गाव कुरणात.

मोबाइल घेऊन पोट्टे गवतात घुसले. बायायनं हळद-कुकू आणलं, मोर म्हटला का सरस्वतीचा, हात जोडाले पाहिजे. कोणीतरी नारळ फोडला. देवीदासनं तं आपल्या लेकराले खांद्यावर बसवून आणलं, जत्रेत नेल्यासारखं. कोणी वाईट नोतं रे केशव. सारे प्रेमानं आलते अन् प्रेमानंच सारं गवत तुडवून गेले. त्या दिवसापासून नर उडी मारना. दिसनाच.

अपेक्षा धुऱ्यावर बसून रायली. मले वाटलं आता मले झाडते, बोर्ड मीच लिहिला होता. पण ती म्हणे, "काका, चूक माझीच झाली. तो किती सुंदर आहे हेच मी दाखवत बसले. त्याला एकटं सोडा हे सांगायचं राहून गेलं." मले तिचं लय बरं वाटलं. इतकी शिकलेली पोरगी, पण कोणावर ढकललं नाई तिनं. मी घरी आलो अन् बोर्ड पुसून टाकला.

अन् काल ती पयत आली. दुरूनच दुर्बिणीतून तिनं पाह्यलं, कुरणाच्या नाल्याकडच्या कोपऱ्यात मादी बसली हाये. मातकट रंगाची, हालत नाई. अंड्यावरच बसली असंन म्हणते. मले बी दाखवलं. पयले मले नुसतं गवतच दिसलं, मंग त्या गवताले डोया दिसला.

म्हणजे अजून बाजी हातात हाये. पण या बारीनं लोकायले 'या' म्हणाचं नाई, 'जाऊ नका' म्हणाचं हाये, अन् तेही असं का कोणाले राग नाई आला पाहिजे. असं लिहिणं खेळ नाई. मी लिहीन. मले येते. तू फक्त येजो.

खुशाल

७ ऑगस्ट २०२५

केशव,

तुहं कार्ड भेटलं. एकच ओळ. "तुले तोंड नाई काय? तूच म्हण."

तोंड हाये. आवाज नाई.

तुले कोणी सांगतलं नसंन, काहून तं मीच साऱ्यायले नको सांगा म्हटलं होतं. दिवाळीनंतर घसा बसला तो उठलाच नाई. अमरावतीले दाखवलं. डॉक्टरनं स्वरयंत्र काढून टाकलं. आता नरड्याले भोक हाये, श्वास तथूनच घेतो, अन् बोलणं पाटीवर लिहून. बिड्या तू बी ओढल्या, मी बी ओढल्या, चिठ्ठी माह्या नावाची निंगाली. रडगाणं म्हून सांगून नाई रायलो. मी धडधाकट हाये, वावरात जातो, जेवतो, बायकोवर, जयवंतावर, रागावतो बी, फक्त रागावाले खडू लागते. पयल्या पत्रात फोनचं जे लिहिलं ते थापच होती. मले वाटलं आवाज गेला हे कळलं तं तू दया करून येशीन, अन् मले तुही दया नको, तुहा गळा पाहिजे.

आता पुढचं आयक. परवा मी अन् जयवंता तानुबाईकडं गेलतो. तिच्या घरचा पयला इळा, तो मान तिच्या सासूपासून. ती थांबली तं गाव थांबते. ती नाई थांबली तं तुही माही झडती लोक आयकतीन, टाळ्या देतीन अन् सकायी इळा घेऊन निंगतीन. मले हे पुरं माहीत हाये.

अडचण अशी का तानुबाईले वाचता येत नाई. म्हणजे मी पाटीवर लिहाचं अन् जयवंतानं वाचून दाखवाचं. अन् आमची जयवंता. मी लिहिलं, 'हे पाखरू देशाची संपत्ती हाये.' ती म्हणे, "आमचे हे म्हणतात, बाई तुमची तब्येत कशी हाये?" मी डोये वटारले. तिनं पाह्यलंच नाई.

शेवटी कुरणाची गोष्ट निंगाली तशी तानुबाई तडकली. "माह्या सासूनं लावला, मी लावतो. माही गाय काय तुमच्या पाखराचा फोटो खाईन? पोळ्यालोक आमी हात लावत नाई कुरणाले, ते काय कमी राखलं? आता दसऱ्यालोक म्हणून रायले, मंग म्हणतीन दिवाळीलोक."

बोलणं खोटं नोतं तिचं. मी पाटीवर कायद्याचं लिहाले लागलो का याले मारलं तं जेल हाये. जयवंतानं माह्या हातातून खडूच काढून घेतला. तानुबाईच्या जवळ सरकली अन् म्हणे, "बाई, या गावातल्या अर्ध्या लेकरायची नाळ तुमी कापली. बाळंतिणीच्या खोलीत तुमी कवा गडीमाणूस येऊ देला काय?"

"पाय मोडला असता," तानुबाई म्हणे.

"मंग थे बी बाळंतीणच हाये. येकटी हाये. तिले सुईण बी नाई."

  तानुबाईनं इचारलं, "नर संग नाई?" जयवंता म्हणे, नाई, त्याचं काम झालं. तानुबाई म्हणे, "सारे सारखेच." अन् माह्याकडं असं पाह्यलं जसं अंडे मीच टाकून पळालो.

हो मात्र ती म्हणली नाई. आमी निंगालो तवा म्हणे, "मान सोडता येत नाई बाई. मेल्यावर सासूले काय सांगू?"

घरी येऊन मी पयले लिहिलेली झडती चुलीत टाकली. तिच्यात देश होता, निसर्ग होता, सारं होतं, अन् कोणाले कशातच आपलं घर दिसत नोतं. जे दोन वाक्यात जयवंता बोलली ते मले कागदावर सुचलं नाई. हे तिले मी सांगतलं नाई अजून. तू बी सांगजो नको.

खुशाल

१७ ऑगस्ट २०२५

केशव,

झडती झाली. खाली उतरून देतो. आरशापुढं उभा राहून म्हणून पाह्य, कुठं दम लागते ते तुले तथीच समजंन.

लेक आली माहेराले, दिवस आले भरून,
खाट नाई, खोली नाई, बसली गवत धरून.
बाळंतिणीच्या उंबऱ्यात गडी कोण जाते?
जाईन त्याच्या बैलाले पोळी कोण देते?
कुरण ठेवा झाकून रे, दसऱ्यालोक बावा,
पिल्लू उडू द्या आंधी, मंग इळा लावा.
हर बोला हर हर महादेव.

'खाट नाई, खोली नाई' थे हळू म्हणजो. तथी ओरडला तं मजा जाईन. 'पोळी कोण देते'वर लोक हासतीन, त्यायले हासू देजो, घाई नको करू.

चाऱ्याचं बी मी पाहून ठेवलं, नाई तं लोक म्हणतीन खुशालराव कविता खाऊ घालते ढोरायले. माह्या वावराच्या चारी धुऱ्यावरचं गवत मी मोकळं केलं, ज्याले लागंन त्यानं न्यावं. देवीदास बी त्याचे धुरे देतो म्हणे. खांद्यावर लेकरू घेऊन कुरणात गेल्याची त्याले लाज वाटून रायली असंन. तुहा व्याही म्हणते, लोकायचं मत पडंन तसं करू. सरपंचानं आणखी काय म्हणाचं असते.

तानुबाईनं इळा पाजवून आणला. हिवरखेडच्या बाजारातून. जयवंतानं पाह्यलं.

नितेशचा मेसेज आला का बाबा येतो बी म्हणत नाई अन् नाई बी म्हणत नाई. तुह्या न येण्यानं काय होईन ते लिहून ठेवतो, म्हणजे मंग म्हणशीन नाई का माहीत नोतं. गावातला संघपाल म्हणते मी म्हणतो. पोरगा चांगला हाये, पण आवाज बारीक. त्याची ओळ पयल्या चार बैलजोड्यायलोक जाईन. मांगचे लोक इचारतीन, काय म्हणे? अन् ज्यायनं आयकलं नाई थेच सकायी सर्वात आंधी कुरणात असतीन. त्या मादीपाशी दुसरं काहीच नाई केशव. तिले पयता बी येत नाई, अंडे सोडून. माह्यापाशी शब्द हायेत अन् ते तुह्या गळ्याबिगर आखरावर पोचत नाईत. मी कोणापुढं हात जोडले नाई आजलोक, तुले माहीत हाये. तुह्यापुढं जोडतो.

शुक्रवारी पोळा. दुपारची एसटी हाये.

खुशाल

२४ ऑगस्ट २०२५

केशा,

पोळ्याचं तुले काय सांगू, तूच तं उभा होता. पण माह्या बाजूनं कसं होतं ते सांगतो. मी मांगं लिंबाखाली होतो, आपल्या जोडीच्या कासऱ्याले धरून. तू एसटीतून उतरून सिध्धा तोरणापाशी गेला, मले पाह्यलं बी नाई, अन् मले वाटलं आला तं हाये पण राग घेऊन आला. मंग तू हात वर केला. 'खाट नाई, खोली नाई' तू इतकं हळू म्हणलं का बैलायच्या घुंगराचा आवाज आला मले. अन् माहे शब्द तुह्या आवाजात आयकून मले रडू आलं. नरड्याले भोक असलं का रडणं बी धड येत नाई, नुसती शिटी वाजते. बैल मान वळवून पाहाले लागला.

एक ओळ बी तू गाळली नाई. माफी भेटली असं समजतो, अन् माह्याकडून बी घे. पौर्णिमाच्या सासऱ्यासमोर तुले उभं करून त्याच्याच हातपंपाची ओळ तुह्या तोंडी घातली ते काही शानपणाचं नोतं.

मंग तू माह्यापाशी आला अन् माह्या नरड्याकडं पाह्यलं. मी पाटीवर लिहिलं, चहा घेऊन जा. तू म्हणे शेवटची बस जाते. मले समजलं तू काहून पयाला. तुह्या डोयात पाणी होतं अन् तुले ते आखरावर दाखवाचं नोतं. पण रायला असता तं कर पाह्यली असती. म्हून हे पत्र.

काल सकायी मी उजाडाच्या आंधी कुरणाच्या तोंडाशी जाऊन उभा रायलो. अपेक्षा बी आली. लोक याले लागले तं सारे इळे घेऊनच. मले वाटलं संपलं. झडतीले रात्री घराघरात वाहवा भेटली होती, जयवंता सांगत होती, पण वाहवा येगळी अन् ढोराची भूक येगळी. कोणी आत जात नोतं इतकंच. सारे तानुबाईची वाट पाहत होते.

ती आली. नवं लुगडं नेसलेली, हातात पाजवलेला इळा. तिनं कोणाकडं पाह्यलं नाई. कुरणाच्या काठाशी, बांधावर, जथून गवत सुरू होते तथीच खाली बसली. एक मूठ गवत धरलं अन् कापलं.  बोंबलाले तोंड उघडलं तं आवाज कुठून येईन.

तिनं त्या मुठीची पेंडी बांधली अन् ओच्यात टाकली. मंग उठली. कुरणात जाच्या वाटेवर तिनं इळा आडवा ठेवला, धार बाहेरच्या बाजूनं, आपल्या लोकायकडं. पाचवीले बाळंतिणीच्या उंबऱ्यात ठेवतात ना, तसा. हळद सोडली त्याच्यावर, अन् मंग मांगं फिरून साऱ्यायले आयकू जाईन असं म्हणे, "पयला इळा माहा, तो लागला. आता हा अथीच राहीन, दसऱ्यालोक. ज्याच्यात हिंमत असंन त्यानं बाळंतिणीचा इळा ओलांडून दाखवावा."

केशा, कोणी हाललं नाई. मी बायायच्या तोंडाकडं पाहत होतो. त्यायच्यातल्या बहुतेक जणीच्या उंबऱ्यात हिनंच असा इळा ठेवला असंन कवातरी. पयल्यानं देवीदासची बायको मांगं फिरली, मंग बाकीच्या. गडी थोडे रेंगाळले, कोणीतरी म्हणे मंग चारा कुठून आणाचा, जयवंतानं त्यायले आमच्या धुऱ्याकडं पिटाळलं. अपेक्षा तानुबाईच्या पाया पडाले गेली तं ती म्हणे, "माह्या पाया कायले पडते, दुर्बीण घाल अन् पाह्य ती निजली का नाई ते." अपेक्षानं पाह्यलं. मादी जाग्यावर होती.

आज सकायी उठलो तं दारात तानुबाई उभी. गाय हंबरून रायली म्हणे, अन् घरात दुसरा इळा नाई. माहा मांगाले आली होती, माह्याच धुऱ्यावरचं गवत कापाले. मी देला.

खुशाल